एअरबॅगच्या रिकाम्या कप्प्याविषयी : गोंदियाच्या उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांस खुले पत्र

माननीय उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
गोंदिया यांस,



सेवेतली तेहतीस वर्षे तहसील कचेरीत फेरफार, पंचनामे आणि दाखले लिहिण्यात गेल्यामुळे, कागदावर एक आणि जागेवर दुसरेच असे आढळले की मन अस्वस्थ होण्याची सवय मला जडली आहे. ज्या शेतात विहीर नाही त्याच्या सातबाऱ्यावर विहीर दिसावी, तशी अवस्था गेल्या वर्षी मी एका मोटारीच्या बाबतीत प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली, आणि ती मोटार माझी स्वतःची होती. आपल्या कार्यालयाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु एमएच 35 या क्रमांकाने जितकी वाहने या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत फिरतात, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार कायद्याने आपल्या हाती दिला आहे, आणि मी जे पाहिले ते माझ्या एकट्याच्या दारात घडलेले नाही अशी माझी खात्री झाल्यामुळे, हे पत्र खाजगी लखोट्यात न घालता सर्वांसमक्ष लिहीत आहे.

हकीकत अशी की, मुलगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून माहेरी यावयाची होती. तिने बाळासाठी एक खुर्ची आधीच पाठविली होती, जीत मूल मोटारीच्या मागच्या बाजूस तोंड करून निजते. मागच्या आसनावर ती खुर्ची काही केल्या घट्ट बसेना, म्हणून पुढच्या आसनावर, चालकाच्या शेजारी, बांधण्याचे आम्ही ठरविले. परंतु खुर्चीच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटविलेली होती. तीवर एक बाळ, त्याच्या पुढ्यात फुगलेला एक गोळा आणि त्या सर्वांवरून ओढलेली तांबडी फुली असे चित्र होते. फोनवर मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पुढे एअरबॅग असेल तर तिथे ही खुर्ची चुकूनही बांधू नका." शेजाऱ्यांनी तत्काळ उपाय सुचविला : फ्यूज उपटून टाका, काम झाले. दुसऱ्याने सांगितले की अशा भानगडीपेक्षा ती एअरबॅगच काढून टाकावी, बालाघाटकडच्या एका माणसाने तसेच केले आहे. मी मात्र शहराबाहेरच्या एका लहानशा गॅरेजात गेलो. तेथला तरुण मेकॅनिक प्रामाणिक आहे एवढाच माझा अनुभव होता.

त्याने प्रथम चावी काढून घेतली, बॅटरीची ऋण तार सोडविली, आणि मग मला बाजूच्या बाकावर बसवून चहा मागविला. काम का थांबले असे विचारता तो म्हणाला की बॅटरी सोडविली तरी नियंत्रक पेटीत थोडी वीज शिल्लक राहते, ती विरेपर्यंत हात घालायचा नसतो. दहा मिनिटांनी त्याने डॅशबोर्डाचा खण उतरविला, आत विजेरीचा झोत टाकला, आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिला. मग मला बोलावून त्याने दाखविले. जेथे एअरबॅगचा धातूचा डबा असावयास हवा होता तेथे नुसती पोकळी होती. डबा ज्या पोलादी पट्टीला बसतो तिच्यावर बोल्टांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. आणि पिवळ्या जोडणीच्या दोन तारांमध्ये काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक रेझिस्टर अडकविलेला होता. वरच्या झाकणाची शिवण आतून गोंदाने भरून बाहेरून रंगविली होती. जी एअरबॅग बंद करण्यासाठी मी गेलो होतो, ती तेथे नव्हतीच.

त्या इवल्याशा वस्तूने माझी वर्षभर कशी फसवणूक केली, हे समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. मोटारीच्या पुढच्या भागातील संवेदक टक्कर ओळखतात. नियंत्रक पेटी त्यावरून निर्णय करून एअरबॅगच्या डब्यातील बारीक तारेला विजेचा झटका देते. ती तार तापून भोवतीचे ज्वालाग्राही द्रव्य पेटते. त्यातून निर्माण झालेल्या वायूने नायलॉनची घडी केलेली पिशवी झाकण फाडून बाहेर येते. आणि टक्कर झाल्यापासून हे सर्व सुमारे 30 ते 50 मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, पार पडते. गाडी सुरू करताना नियंत्रक पेटी प्रत्येक वेळी या तारेचा विद्युत्-रोध मोजते. तो साधारण दोन-तीन ओहम भरला की सारे ठीक आहे असे समजून एअरबॅगचा दिवा काही क्षण पेटून विझतो. तितक्याच रोधाचा, पाच-दहा रुपयांचा रेझिस्टर तेथे बसविला की पेटीला डबा जागेवर असल्याचा भास होतो. दिवा वेळेवर पेटतो, वेळेवर विझतो, आणि मालक निःशंक होतो. ज्याने हे काम केले त्याला यंत्राचे ज्ञान नक्कीच होते, आणि म्हणूनच ते मला अधिक गंभीर वाटते.

एअरबॅगची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. डिसेंबर 2024 मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे, पुढे चाललेल्या मोटारीच्या अपघातात मागची मोटार सापडली, तिच्या एअरबॅगा उघडल्या, आणि पुढच्या आसनावर बसलेले सहा वर्षांचे मूल त्या धक्क्याने दगावले. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेल्या दोन वर्षांच्या मुलीचाही असाच अंत झाला. या दोन बातम्या भ्रमणध्वनीवरून आमच्या गल्लीपर्यंत पोहोचल्या आणि त्यांचा अर्थ लोकांनी असा लावला की एअरबॅग ही मुलांना मारणारी वस्तू आहे, सबब ती काढून टाकावी. वास्तविक दोषाचे स्थान एअरबॅगेत नव्हते. पूर्ण वाढलेल्या, पट्टा बांधलेल्या माणसाच्या छातीसाठी जी पिशवी ताशी सुमारे 300 किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते, तिच्या वाटेत मुलाचे मस्तक ठेवले गेले, हे त्या मृत्यूंचे कारण होते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या अंदाजानुसार 1987 ते 2017 या काळात पुढच्या एअरबॅगांनी तेथे 50,000 हून अधिक जीव वाचविले. 1990 ते 2008 या काळात मंद वेगाच्या टकरींत त्याच एअरबॅगांनी 290 हून अधिक जीव घेतले, पण त्यांतील बहुतेक माणसे पट्टा न बांधलेली वा चुकीच्या रीतीने बसलेली होती, आणि बहुतेक मोटारी 1998 पूर्वी बनलेल्या होत्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर एअरबॅग उपटून टाकणारा माणूस मुलाला आगीतून काढून फुफाट्यात टाकतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. कारण मूल मागच्या आसनावर बसविण्याचा साधा, बिनखर्ची उपाय त्याने केलेलाच नसतो, आणि पुढे बसणारी त्याची पत्नी वा म्हातारे वडील मात्र उघडे पडतात.

पट्ट्याविषयी येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा मागील आसनांवर पट्टा न बांधलेले दोघेही गेले आणि पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. एअरबॅग ही पट्ट्याची पूरक आहे, पर्याय नव्हे. फ्यूज उपटण्याचा जो सल्ला मला मिळाला होता, त्यातील धोकाही येथेच आहे. कित्येक मोटारींत टक्करीच्या क्षणी पट्टा ताणून धरणारी यंत्रणा त्याच नियंत्रक पेटीच्या हुकमतीत असते, त्यामुळे एका बाळासाठी फ्यूज काढला की चालकाची एअरबॅग आणि पट्ट्याचा ताण, दोन्ही एकदमच जातात.

मग बंद करण्याची रास्त गरज कधीच पडत नाही काय? पडते. मागे आसनच नसलेल्या वाहनात तान्हे मूल न्यावयाचे असते. एखाद्याला छातीच्या वा मणक्याच्या व्याधीमुळे डॉक्टर सावध करतात. एखाद्या ठेंगण्या बाईला स्टिअरिंगपासून 25 सेंटिमीटर अंतर राखून पेडलपर्यंत पाय पोहोचविणे शक्य होत नाही. यांपैकी पहिल्या गरजेसाठी कारखानदारांनी कित्येक मोटारींत शेजारच्या आसनाची एअरबॅग चावीने बंद करण्याची खिट्टी दिलेली आहे. ती फिरविली की डॅशबोर्डावर एअरबॅग बंद असल्याचा दिवा लागतो, आणि बाळ उतरल्यावर ती पुन्हा चालू करता येते. माझ्या मोटारीत तशी खिट्टी नव्हती. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने सांगितले की खुर्ची मागेच बांधली पाहिजे, आणि त्यांच्या माणसाने मागच्या पट्ट्याची ढील कशी काढावी हे दाखविताच ती पाच मिनिटांत घट्ट बसली. अमेरिकेत अशा खिट्टीसाठी 1997 साली नियम झाला आणि जानेवारी 1998 पासून मालकाला ठरावीक चार कारणांपैकी एक लिहून सरकारकडे अर्ज करता येऊ लागला. परवानगीचे पत्र मिळाले की मगच वर्कशॉप खिट्टी बसवीत असे. अर्ज, कारण, हुकूम आणि नोंद अशी ही चार पायऱ्यांची वाट मला, कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला, अगदी योग्य वाटते; कारण तीत गरजवंताची अडवणूक होत नाही आणि एअरबॅग कोणाच्या मोटारीत बंद आहे हे सरकारी दप्तरात राहते. अशी तरतूद आपल्याकडेही व्हावी, अशी शिफारस आपण परिवहन आयुक्तांमार्फत वर पाठवावी, ही माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती वापरलेल्या मोटारींच्या विक्रीविषयी आहे आणि तिच्यावर माझा अधिक भर आहे. चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्या आसनासाठी 2021 अखेरपासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. माझी मोटार 2022 सालची, म्हणजे दोन्ही एअरबॅगा तीत असणे कायद्यानेच ठरलेले. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 कारखानदाराने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मालकाला मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या 182-अ कलमात बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि नियमभंग करणारे वाहन विकणाऱ्या विक्रेत्यास वाहनामागे 1,00,000 रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. कायदा दुबळा नाही. तपासणीच्या वेळी कप्प्यात कोणी डोकावत नाही, एवढीच उणीव आहे.

अपघातात उघडलेली एअरबॅग नव्याने बसविण्याचा खर्च मोठा असतो. पिशवी, नियंत्रक पेटी, ताणलेले पट्टे, फाटलेला डॅशबोर्ड असे सर्व बदलावे लागते. म्हणून अपघाताची मोटार स्वस्तात घेऊन, रेझिस्टर घालून, रंगवून, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात विकणे हा धंदा होतो. आपला जिल्हा तर असा की उत्तरेला मध्य प्रदेश आणि पूर्वेला छत्तीसगड, आणि देवरी-सडक अर्जुनीवरून रायपूर-नागपूर हा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. ना हरकत दाखला घेऊन मोटारी या बाजूला येतात आणि जातात. परराज्यातील मोटारीला नवा क्रमांक देताना, हस्तांतराची नोंद करताना, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना मालकाकडून एअरबॅगांबाबतचे प्रतिज्ञापत्र आणि अधिकृत वर्कशॉपचा तपासणी-दाखला घ्यावा. दिव्याच्या पेटण्या-विझण्यावर विसंबू नये, कारण दिवा मलाही वर्षभर खोटे सांगत होता. झाकणाची शिवण, पट्ट्याची ओढ, आणि खण उतरवून डब्यावरील छापील पट्टी या गोष्टी प्रत्यक्ष पाहण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. याच तपासणीत पुढे बसविलेले लोखंडी गार्डही पाहावे. टक्करीचा जोर ते वेगळ्या मार्गाने मोटारीच्या सांगाड्यात नेतात, त्यामुळे संवेदकांचा अंदाज चुकतो, आणि केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास कळविले होते. आसनांच्या कडेने उघडणाऱ्या एअरबॅगांवर जाड रेक्झिनची आवरणे शिवण्याचा प्रकारही तसाच आहे.

आता काढलेल्या डब्याविषयी. माझ्या मोटारीतील डबा कोठे गेला, हे मला समजले नाही. परंतु न फुटलेला डबा भंगारात जातो आणि भंगारवाला गॅस कटर चालवितो, ही कल्पना मनात आली की झोप उडते. त्यात स्फोटक दारूच्या जातीचा पदार्थ असतो. आगीत टाकला तर डबा स्फोटासारखा उडतो. तो मोटारीतून उतरविण्याची रीत प्रत्येक कारखानदाराने ठरवून दिलेली असते : बॅटरी सोडवून ठरावीक मुदत थांबणे; स्वतःच्या अंगातील स्थिर वीज धातूला हात लावून उतरविणे; तारांना मल्टिमीटर न लावणे, कारण मीटरची इवलीशी वीजही डबा पेटवू शकते; डबा उचलताना त्याचे झाकण छातीकडे न ठेवता बाहेर ठेवणे; आणि मेजावर ठेवताना झाकण वरच्या बाजूस ठेवणे, म्हणजे चुकून उघडला तर पिशवी वर फुगेल; उलटा ठेवलेला डबा स्वतःच उसळतो. हे काम प्रशिक्षित हातांचे आहे, हौशी माणसाचे नाही, म्हणून मी रीत सांगतो ती करून पाहण्यासाठी नव्हे, तर गॅरेजमध्ये ती न पाळणाऱ्याला ग्राहकाने ओळखावे म्हणून. मोडीत निघणाऱ्या मोटारीसाठी 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रे आहेत. त्यांच्याकडे मोटार दिली म्हणजे मालकाला जमा-प्रमाणपत्र मिळते आणि न फुटलेल्या एअरबॅगांची विल्हेवाट सुरक्षितपणे होते. स्फोटकांचे देशभर नियमन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच आहे; गोंदियाहून तिचे दप्तर तीन-चार तासांच्या अंतरावर आहे. आपण तिच्याशी पत्रव्यवहार करून जिल्ह्यातील गॅरेजमालक आणि भंगारवाले यांची एक सभा घ्यावी, ही माझी तिसरी विनंती.

एअरबॅग रीतसर बदलण्याची आणखी एक वेळ येते, आणि तिची माहिती आमच्या भागात फारच कमी आहे. जपानच्या ताकाता या कंपनीच्या फुगवणी-डब्यांत अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णता आणि दमट हवा यांत वर्षानुवर्षे राहिले की ते बिघडते, आणि पिशवी फुगविण्याऐवजी डब्याचेच तुकडे होऊन ते आत बसलेल्यांना लागतात. जगभर अशा कोट्यवधी डब्यांना परत बोलवावे लागले, कंपनीने 2017 साली दिवाळखोरी जाहीर केली, आणि भारतातही जपानी मोटारींचे डबे कंपन्यांनी विनामूल्य बदलून दिले. वैशाखात 45 अंशांवर जाणारे तापमान आणि आषाढ-श्रावणातली धान रोवणीची ओलसर हवा, दोन्ही सोसणाऱ्या गोंदियाच्या मोटारींना ही गोष्ट परकी नाही. कलम 110-अ मुळे सदोष वाहन परत बोलविण्याचा अधिकार आता सरकारलाही आहे. जुन्या मोटारीच्या मालकांनी चॅसी क्रमांक देऊन अधिकृत वर्कशॉपात विचारणा करावी, एवढी एक ओळ आपल्या कार्यालयाच्या फलकावर लागली, तरी पुष्कळ होईल.

फलकाचीच चौथी विनंती करतो. येथील बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाच्या दाराशी मी एक संध्याकाळ उभा होतो. नुकत्याच बाळंत झालेल्या मुली, बाळाला छातीशी धरून, भाड्याच्या मोटारीच्या पुढच्या आसनावर बसत होत्या, कारण मागे सासू, जाऊ आणि गाठोडी यांनी जागा अडविलेली होती. पट्टा बांधला तर बाळाला रुतेल म्हणून पट्टाही नाही. त्यांचा दोष काय? त्यांना कोणी सांगितलेच नाही. त्या दारावर मराठी, हिंदी आणि गोंडी या तिन्ही भाषांत, चित्रासह, एक मोठा फलक लावावा : बाळ आणि आई मागे, पट्टा बांधून, बारा वर्षांपर्यंतची मुले मागे, पुढे एअरबॅग चालू असेल तर उलट्या तोंडाची खुर्ची तेथे कदापि नको. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा वा बाल-आसनाविना नेल्यास कलम 194-ब प्रमाणे 1,000 रुपये दंड आहे, हेही खाली लिहावे. पण दंड शेवटी लिहावा, आधी बाळाचे चित्र असावे.

29 नोव्हेंबर 2024 रोजी सडक अर्जुनी तालुक्यात शिवशाही बस उलटून अकरा माणसे गेली, त्या दिवसापासून या जिल्ह्यातील घराघरांत रस्त्याची धास्ती आहे, हे आपण जाणताच. ती धास्ती एअरबॅगा उपटण्यात वाया जाऊ नये.

माझ्या मोटारीत आता अधिकृत वर्कशॉपने नवी एअरबॅग बसविली आहे; तिची पावती, डब्याचा अनुक्रमांक आणि काढलेला रेझिस्टर असे तिन्ही मी एका पाकिटात ठेवले आहेत. बाळाची खुर्ची मागे बांधलेली आहे. आपण ज्या दिवशी ही तपासणी सुरू कराल, त्या दिवशी पहिली मोटार म्हणून मी माझी मोटार आपल्या आवारात हजर करीन. फक्त तारीख कळवावी.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून,
गोंदिया